नोकरी, तीन घोड्या आणि अक्कांची थाळी

नोकरी करून तीन घोड्या कशा सांभाळल्यात, असं मला आता लोक कौतुकानं विचारतात. हातात चहाचा कप असतो, चेहऱ्यावर हसू असतं आणि कुणीतरी मोबाईल पुढे धरून माझं बोलणं टिपत असतं. मी पंचविशीची होते तेव्हा हाच प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारायचं, फक्त त्याचा अर्थ ‘विकून टाक’ असा असायचा. भाऊ विचारायचा, शेजारीण विचारायची, कचेरीतले बाबू विचारायचे. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईनं तर पोह्यांची बशी हातात धरूनच विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधी पदर नाकाला लावला. ते स्थळ गेलं. पोहे मात्र तिनं सगळे संपवले होते, हे माई, माझी आई, पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

माझी भाची म्हणते, आत्या, हे हिंदीत लिही, म्हणजे मला पण नीट वाचता येईल. तिची सगळी शाळा हिंदीत झाली, मराठी ती बोलते झकास पण वाचताना अडखळते. मी मराठीतच लिहिणार आहे. तिला वाचायचं असेल तर शिकेल, पोरगी काही ढ नाही.

आमचे पणजोबा धारच्या संस्थानी पागेत मोतद्दार होते. मोतद्दार म्हणजे घोड्याला चारापाणी देणारा, त्याचं अंग घासणारा आणि मालक स्वार होताना लगाम धरून उभा राहणारा माणूस. संस्थान गेलं, पागा गेली, पण आमच्या घरातली घोडी काही गेली नाही. आजोबांनी टांगा हाकला आणि नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लग्नाच्या घोड्या ठेवल्या. धारमध्ये नालछ्याच्या रस्त्याला आमचं घर होतं आणि घराच्या भिंतीला लागूनच घोड्या बांधायचं ठाण. मी अंथरुणात पडल्यापडल्या भिंतीपलीकडचं चावणं ऐकत मोठी झाले. घोडं रवंथ करत नाही, ते सावकाश, एका लयीत चावत राहतं, आणि मध्येच नाकातून फुर्र करतं. आजही मला झोप येत नसली की कान तो आवाज शोधतात.

मी सांगते आहे त्या काळात आमच्याकडे तिघी होत्या. शेवंती पांढरीशुभ्र, नाकाशी आणि डोळ्यांशी कातडी गुलाबी. अशा घोडीला नुकरी म्हणतात आणि लग्नाला प्रत्येकाला नुकरीच हवी असते. रेवा राखाडी, स्वभावानं गरीब, शाळेच्या मिरवणुकीत झाशीची राणी म्हणून बसलेली मुलगी खाली पडणार नाही याची काळजी ती स्वतःच घ्यायची. तिसरी ठमी. तांबडी, ठेंगणी आणि चावरी. तिला कुणी भाड्यानं मागत नसे. ती आमच्याकडे निव्वळ हक्कानं राहात होती.

एका हिवाळ्यात नाना टेम्पोच्या फळीवरून घोडी उतरवताना घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्याच सुमारास मला देवासला एका सरकारी कचेरीत नोकरी लागली. कुठल्या ते सांगत नाही, ती कचेरी अजून आहे. इंदूरहून माझा थोरला भाऊ, अरुणदादा, लगेच आला, आणि येताना गिऱ्हाईकच ठरवून आला. इंदूरचा एक बँडवाला तिघींना घेणार होता. दादा वाईट नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की तो आमच्या डोक्यावरचं ओझं उतरवतो आहे. पण त्या बँडवाल्याची जनावरं मी पाहिली होती. दुकानामागं उन्हात बांधलेली, तोंडाचे कोपरे लगामानं सोललेले. मी म्हटलं, घोड्या माझ्याबरोबर देवासला येतील. दादा हसला. माई म्हणाली, “मग मी इथं एकटी काय करू? मलाही ने.” अशी आमची वरात देवासला गेली. टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या, आणि त्यांच्यामागं एका बंद पडलेल्या तेलघाणीची पत्र्याची शेड. घरमालकाला वाटलं शेडमध्ये आम्ही सामान ठेवू.

पहाटे उजाडायच्या आधी शेडमधून पहिला आवाज यायचा तो ठमीचा. ती पुढचा पाय पत्र्यावर आपटायची. माई झोपेतच म्हणायची, “उठली तुझी सासू.” मग मी उठून लीद काढायची, ठाण झाडायची, तिघींना पाणी दाखवायची आणि चंदी द्यायची. चंदी म्हणजे भिजवलेले हरभरे, जव, कोंडा आणि मिठाचा खडा. त्या खात असताना खरारा घेऊन अंग घासायचं. मग एकीवर बसायचं, दोघींच्या दोऱ्या हातात धरायच्या आणि टेकडीला वळसा घालून यायचं. परत आले की डोक्यावरून आंघोळ, केसात मोगऱ्याचा नाहीतर शेवंतीचा गजरा, तो नटायला नव्हे तर घोडीचा वास झाकायला, आणि सायकलवरून कचेरी. दुपारी बाकीचे डबे उघडायचे तेव्हा मी सायकल मारत घरी. पाणी, गवताची पेंढी, कुणाच्या डोळ्यात माशी बसलीय, कुणाची नाल ढिली झालीय ते पाहायचं आणि पोळीची गुंडाळी खात खात परत फायलींपुढे. संध्याकाळी पुन्हा तेच. दिवसाचे तुकडे मी असे पाडले होते की त्यात आजारी पडायला जागा नव्हती, म्हणून मी आजारी पडले नाही.

पैशाचं म्हणाल तर माझा पगार घरात माणसांसाठी यायचा आणि घोड्या खाऊन टाकायच्या. लग्नसराईत घोड्या कमवायच्या आणि त्यावर माणसं जगायची. माईच्या स्वयंपाकघरात हरभऱ्याचे दोन डबे होते, एक आमचा आणि एक त्यांचा, आणि पाहुणे आले की माई त्यांच्या डब्यात हात घालायची, कारण त्यातला हरभरा चांगला होता. रविवारी दाल-बाफले व्हायचे. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस झाला की कणसांची हिरवी पानं शेडमध्ये जायची आणि तिघी अशा चेकाळायच्या की घरमालक ओसरीवर येऊन उभा राहायचा. त्याला सामानाचं काय झालं ते तोपर्यंत कळलं होतं. तो म्हणायचा, “जीजी, म्हैस पाळली असतीस तर दूध तरी मिळालं असतं.” मी भावाला म्हणावं तसं म्हणायची, “भिया, म्हशीवर बसून कुणाचं लगीन लागतं का?” भाडं त्यानं कधी वाढवलं नाही, हेही लिहायला हवं.

कचेरीतले आमचे मोठे साहेब मूळ धारचेच, घरात मराठी बोलणारे. त्यांचे आजोबा संस्थानात वरच्या हुद्द्यावर होते, आणि तो हुद्दा साहेबांनी अजून खाली ठेवला नव्हता. कचेरीत ते फक्त हिंदी बोलायचे. माझ्याशी तर मराठीचा एक शब्दही नाही, जणू मी मराठी असल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा माझ्या निऱ्यांत गवताची काडी अडकली होती. त्यांनी सगळ्यांसमोर चष्मा काढला आणि म्हणाले, “विमलजी, यह दफ़्तर है, अस्तबल नहीं. आप तय कर लीजिए, नौकरी करनी है या घोड़ियाँ पालनी हैं.” मी काडी काढली, म्हटलं, “दोन्ही, सर,” आणि फाईल पुढे ठेवली. फाईलमध्ये चूक नव्हती. चूक राहणार नाही याची मी फार काळजी घ्यायची, कारण त्यांना तीच हवी होती.

आता त्या डाळीबद्दल सांगायला हवं. माळव्यात नवरदेव घोडीवर चढला की त्याच्या बहिणी घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ गूळ घालून भरवतात. मान बहिणीचा, पण बहिणीच्या मागं चुलतबहिणी, आत्या, मावश्या, वहिन्या अशी रांग लागते. आमच्या मराठी घरांतूनही ही रीत इतकी भिनली की ती मूळची आपली नाही हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. प्रत्येकीला वाटतं आपली एकच मूठ आहे. घोडीच्या पोटात मात्र सगळ्या मुठी जातात आणि वर त्या फुगतात.

देवासलाच एक सकाळचं लग्न होतं. आज शेवंतीला काम आहे म्हणून माईनं मायेनं तिला मला न सांगता दुसऱ्यांदा चंदी दिली. लग्नघरी बायकांनी तितक्याच मायेनं डाळ भरवली. दुपारी घरी आणली तर घोडी वळून वळून स्वतःच्या पोटाकडे पाहू लागली. मग जमीन उकरू लागली. मग बसली. नाना खुर्चीतून ओरडले, “उठव तिला. लोळली तर आतडं पिळेल. चालव, थांबू नकोस.” मी तिला त्या उन्हात रस्त्यावर चालवायला लागले. ती मध्येच पाय मुडपायची आणि मी तिच्या मानेला खांदा लावून रडत, शिव्या देत तिला उभी करायची. जनावरांचे डॉक्टर स्कूटरवर आले. त्यांनी नाकातून नळी घालून तेल सोडलं, इंजेक्शन दिलं आणि हात पुसत म्हणाले, “घोड़े को उल्टी नहीं होती, जीजी. जो अंदर गया वो पीछे से ही निकलेगा, नहीं तो जान लेगा. इसकी आँत अब कमज़ोर है. फिर हुआ तो मुझे मत बुलाना, मैं कुछ नहीं कर पाऊँगा.” दिवेलागणीला शेवंतीनं लीद टाकली. मी रस्त्यातच मटकन बसले. माईनं देवापुढे साखर ठेवली आणि ती शेजारी वाटली. घोडीनं लीद टाकली म्हणून साखर वाटणारं घर देवासात आमचं एकच असेल.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. माझ्या घोडीला डाळ भरवायची ती एका माणसानं आणि एकच मूठ. बाकीच्यांनी घोडीच्या तोंडाला लावायची आणि माझ्या पदरात टाकायची. नानांना हे अजिबात पटलं नाही. “शगुनाची मूठ नाकारायची नसते, विमल. लोक घोडीला पैसे देत नाहीत, शगुनाला देतात.” मी म्हटलं, “नाना, शगुन त्यांचं आणि पोट शेवंतीचं.” आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं, म्हणजे ते माईला सांगायचे, “तिला सांग रेवाची नाल वाजतेय,” आणि मी तिथंच उभी असायची. गिऱ्हाइकं कुरकुरली. काही दुसरीकडे गेली. उरलेल्यांवर सराई कशीबशी चालली. दादाचा फोन आला की तो ‘कशा आहात’ म्हणायच्या आधी ‘बँडवाला अजून विचारतोय’ म्हणायचा.

आणि एके दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि मराठीत म्हणाले, “बस, विमल.” मला वाटलं माझी नोकरी गेली. त्यांच्या मुलाचं लग्न धारला होतं, सकाळचा मुहूर्त. “आमच्या घरच्या लग्नाला नानांचीच घोडी आलेली आहे. तीच नुकरी हवी.” मी त्यांना अट सांगितली. घोडीची आतडी कशी नाजूक झालीत, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. ते कागदावरून नजर न काढता म्हणाले, “हो हो. तू ये तर.” तो होकार नव्हता, माशी हाकलणं होतं. मला ते कळायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. मला कळलं होतं. पण अट मी सांगितली होती आणि त्यांनी ऐकली होती, तेवढं मला पुरेसं होतं.

लग्नाच्या सकाळी त्यांच्या दारापुढे गल्ली गच्च भरली होती. शेवंतीच्या अंगावर मखमली झूल, कपाळावर मोत्यांची जाळी. नवरदेव सडपातळ, चष्मिस, मुंडावळ्यांमधून त्याला धड दिसतही नसावं. त्यानं दोन्ही हातांनी घोडीची आयाळ घट्ट धरली होती. त्याच्या बहिणीनं एक मूठ भरवली. शेवंतीला डाळ भलती प्रिय, तिचे ओठ बहिणीच्या बाहीत शिरून आणखी शोधू लागले, सगळे हसले, मीही हसले. तेवढ्यात घरातून अक्का आल्या. अक्का म्हणजे साहेबांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नव्हतं आणि नवरदेवाची आई तो लहान असतानाच गेल्यामुळे त्याला यांनीच वाढवलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. हातात पितळी थाळी, काठोकाठ भरलेली. मागं बाकीच्या बायका आपापल्या थाळ्या घेऊन.

मी लगाम आखूड केला. म्हटलं, “अक्का, एक मूठ झाली. आता नको. हिच्या जिवावर बेतेल.”

“मी देवघरात होते, मला उशीर झाला,” अक्का म्हणाल्या. “याला मी वाढवलंय. खरं तर पहिली मूठ माझी.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आजही वाटतं. मी पदर पसरला आणि म्हटलं, “तिच्या तोंडाला लावा आणि इथं टाका. शगुन पोचतं.” अक्का क्षणभर घुटमळल्या. मला अजून वाटतं त्यांनी ऐकलं असतं. पण साहेब फेटा सावरत मध्ये आले.

“काय चाललंय? अक्का, भरव तू.”

“साहेब, मी अट सांगितली होती.”

“अट?” ते सगळ्यांकडे बघून हसले. “अगं, तुझे आजे-पणजे या दारात आमची घोडी धरून उभे असायचे. मान वर करून बोलायची त्यांची टाप नव्हती.”

“ते धरायचे ती घोडी संस्थानची होती, साहेब. ही माझी आहे.”

साहेबांनी अक्कांचा हात धरून थाळी शेवंतीच्या तोंडाखाली ढकलली. तिनं मान खाली घातली, ती कशाला सोडतेय. मी माझा हात थाळीवर आडवा धरला आणि तिच्या दातांखाली माझी एक बांगडी चिरडली. मी म्हटलं, “थाळ्या आत न्या, नाहीतर नवरदेवाला उतरवा.”

“थाळ्या कुठंही जाणार नाहीत.”

“मग नवरदेव, उतरा.”

त्या एवढ्या घोळक्यात माझं लगेच ऐकणारा तो एकटाच निघाला. झटकन उतरला. मला वाटतं त्याला मनातून घोडीची भीतीच वाटत होती. मी घेतलेला विसार कनवटीचा काढून साहेबांच्या मेहुण्याच्या हातात ठेवला, शेवंतीचं तोंड वळवलं आणि चालू लागले. लोकांनी आपोआप वाट दिली, लग्नाच्या घोडीला देतात तशी. आणि मग जे झालं ते मी ठरवूनही घडवू शकले नसते. बँडवाल्यांची सवय अशी की घोडी चालली की वाजवायला घ्यायचं. मागची भांडणं त्यांना ऐकू गेलीच नव्हती. त्यांनी घोडी निघालेली पाहिली आणि ढोल-ताशा, क्लॅरिओनेट, सगळं एकदम सुरू करून ते आमच्यामागं निघाले. गल्लीच्या टोकापर्यंत मी, सजलेली शेवंती आणि पूर्ण बँड, आणि नवरदेव तिकडे दारात उभा. शेवटी कुणीतरी धावत येऊन त्यांना थांबवलं. साहेबांनी माझा अपमान एक वेळ पोटात घातला असता, पण तो बँड त्यांच्या पोटात मावला नाही.

नाना ऐकून पांढरे पडले. “चार पिढ्यांत आपण नवरदेवाला उतरवला नव्हता.” मी म्हटलं, “चार पिढ्यांत घोडी माझी नव्हती.” मला तेव्हा अशी उत्तरं सुचायची. आता गुडघे दुखतात आणि उत्तरं दुसऱ्या दिवशी सुचतात. धारमधून त्या सराईत मला एकही बोलावणं आलं नाही. आणि थोड्याच दिवसांत माझी कन्नौदला बदली झाल्याचं कळलं. कन्नौद काही वाईट गाव नव्हे, धान्याची मोठी मंडी आहे, माणसं चांगली आहेत. पण तिथं आमचं ओळखीचं चिटपाखरू नव्हतं, घोडी बांधायला जागा नव्हती, आणि देवासची लग्नं तिथून करता येणार नव्हती. साहेबांनी हिशेब बरोबर मांडला होता. बाईला एक तर नोकरी सोडावी लागेल, नाहीतर घोड्या.

दादा इंदूरच्या बँडवाल्याला घेऊनच आला. त्यानं शेवंतीचे दात पाहायला हात पुढे केला तेव्हा ठमीनं त्याच्या दंडाचा चावा घेतला. त्या आठवड्यात घरात फक्त मीच हसले असेन. आणि त्याच दिवशी साहेबांचा मेहुणा धारहून निरोप घेऊन आला. तो समजूत घालायच्या सुरात सांगत होता की अक्का लग्नापासून नीट जेवत नाहीत. घोडीला घेऊन दारात ये, सगळ्यांदेखत अक्कांची भरली थाळी तिला खाऊ दे, माफी माग, बदली रद्द होईल.

तो गेल्यावर नाना त्या बँडच्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले. “एक थाळी, विमल. मी आधी दोन दिवस तिची चंदी तोडतो. लगेच चालवू. निभेल.” दादा म्हणाला, “एवढं कर, बाई. मग मी बँडवाल्याचं नाव काढणार नाही.” नाना चुकीचं बोलत नव्हते. कदाचित निभलंही असतं. पण ते ‘कदाचित’ माझ्या पोटात नव्हतं जाणार, तिच्या जाणार होतं. आणि एकदा ती थाळी खपली की पुढच्या प्रत्येक दारात भरली थाळी तयार असणार होती. मी म्हटलं, रविवारी धारला जाते. सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. रविवारी सकाळी टेम्पोवाला दारात आला तर मी त्याला परत पाठवला आणि बसनं एकटी गेले.

साहेब बैठकीत खुर्चीवर, आजूबाजूला घरची आणि आळीतली बरीच माणसं. अक्का झोपाळ्यावर बसल्या होत्या, खरंच खंगल्यासारख्या दिसत होत्या. शेजारी स्टुलावर तीच पितळी थाळी, फडक्यानं झाकलेली.

“घोडी कुठाय?” साहेबांनी विचारलं.

“देवासला. गवत खातेय.”

“मग तू कशाला आलीस?”

“अक्कांची थाळी माझ्यामुळे परत गेली, ती संपवायला आले.” मी अक्कांपुढे जमिनीवर बसले, थाळी मांडीवर घेतली आणि डाळ खायला लागले.

कच्ची भिजवलेली डाळ थाळीभर खाऊन पाहा कधीतरी. पहिले दोन-चार घास गुळामुळे गोड लागतात. मग जबडा दुखायला लागतो, घशाशी पीठ बसतं, आणि थाळी तेवढीच भरलेली दिसते. साहेब म्हणाले, “हा काय तमाशा आहे?” माझं तोंड भरलेलं असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. कुणीतरी खुदकन हसलं, कुणीतरी त्याला दटावलं. मी खात राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं अक्का झोपाळ्यावरून उतरल्या आणि माझ्यासमोर खाली बसल्या.

“पुरे कर, पोरी. पोट फुगेल.”

“फुगू दे,” मी म्हटलं. “मला उलटी होते, अक्का. तिला होत नाही. ती मरते.”

हे अक्कांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी साहेबांना सांगितलं होतं, त्यांनी ते स्वतःजवळच ठेवलं होतं. अक्कांनी मान वळवून भावाकडे पाहिलं. थाळीत तळाशी थोडीच डाळ उरली होती. ती त्यांनी बोटांनी गोळा केली, मुठीत धरली आणि मूठ माझ्या तोंडापुढे आणली.

साहेब उठून उभे राहिले. “बदली रद्द होणार नाही.”

“नका करू.”

“कन्नौदला तीन घोड्या ठेवशील कुठं?”

“माझ्याजवळ,” मी म्हटलं, आणि अक्कांच्या हातातली मूठ खाल्ली.